कोकणच्या पावसाळ्यात बंदुकीला कोणते तेल? शस्त्रागाराच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४, रविवार

आमच्या रायफल क्लबच्या शस्त्रागारात कोणते तेल वापरायचे हे या पावसाळ्यात एकदाचे नक्की करावे, असे आजच्या बैठकीत ठरले आणि काम माझ्याकडे आले. निमित्त गेल्या वर्षीचे आहे. नारळी पौर्णिमेनंतर पॉइंट २२ ची (०.२२ इंची नळीची) एक रायफल सरावासाठी बाहेर काढली, तेव्हा वरून तिच्यात काहीही खोट दिसत नव्हती. नळीवरून बोट फिरवले तर तेलाचा ओशटपणा हाताला लागत होता. पुढे स्क्रूंचा कस तपासायचा म्हणून दस्ता सोडवला आणि नळीच्या खालच्या अंगाला, जिथे लाकूड आणि पोलाद एकमेकांना भिडतात तिथे, वीतभर लांबीची तपकिरी रेघ दिसली. बारीक स्टील वूल आणि तेल घेऊन ती काढली खरी, पण तिच्याखाली टाचणीच्या डोक्याएवढे तीन खड्डे कायमचे राहिले. नळी खराब झाली नाही, नेमही बिघडला नाही, तरीही ज्या रायफलीवर शाळकरी मुलेमुली चार वर्षे घाम गाळतात तिची अशी झीज माझ्या देखरेखीखाली झाली याचे मला फार वाईट वाटले.

शस्त्रागारात आज पॉइंट २२ च्या चार बोल्ट रायफली (नळी मागून सरकत्या खिळीने, म्हणजे बोल्टने, बंद होते त्या), त्याच कॅलिबरची दोन अर्धस्वयंचलित पिस्तुले, दहा मीटरसाठीच्या पाच एअर रायफली आणि एअर पिस्तुले, आणि ईशापूरच्या कारखान्यात बनलेली बारा बोअरची एक दुनळी आहे. तेलाच्या फळीवर मात्र सहा वेगवेगळ्या बाटल्या निघाल्या, ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे आणून ठेवलेल्या. त्यांतल्या दोनांवर चिठ्ठीही उरलेली नाही. त्या दोन बाटल्या आजच बाद केल्या, कारण ज्याच्या पोटात काय आहे हे ठाऊक नाही ते तेल शस्त्राला लावणे मला मान्य नाही.

या कामातला पहिला नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे: चिंधी हातात घेण्यापूर्वी मॅगझिन काढायचे, बोल्ट मागे ओढायचा, कक्ष, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, डोळ्याने पाहायचा आणि बोटाने चाचपायचा, आणि काडतुसे त्या खोलीत आणायचीच नाहीत.

१९ मे २०२४, रविवार

तेलाकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, याचा आज शांतपणे विचार केला. बंदुकीचे तेल म्हटले की चटकन वंगण डोळ्यांपुढे येते: बोल्ट सरकतो, चाप दबतो, घोडा पडतो, तेव्हा लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून तेल. परंतु आमची रायफल आठवड्याच्या १६८ तासांपैकी जेमतेम चार तास चालते. उरलेले १६४ तास ती कपाटात उभी असते, आणि जून ते सप्टेंबर या काळात ते उभे राहणेच तिला जास्त महागात पडते. बोल्टला लागणारे वंगण थेंबा-दोन थेंबांत भागते आणि ते काम जवळपास कोणतेही पातळ, स्वच्छ खनिज तेल करू शकते. तेव्हा निवड करायची आहे ती मुख्यतः गंजापासून राखणाऱ्या तेलाची.

पोलादाभोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो. पृष्ठभागावर मीठ असेल तर प्रकरण आणखी बिघडते, कारण मिठाचा कण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळतो आणि पोलादावर खाऱ्या पाण्याचा डोळ्याला न दिसणारा थर तयार होतो. आमचे गाव समुद्रापासून तीन किलोमीटरवर आहे, इथली हवा पावसाळ्यात ८५-९० टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते आणि वाऱ्याबरोबर मीठ येतेच. नळीवरचा काळा-निळसर मुलामा, ज्याला सगळे ब्लूइंग म्हणतात, तो लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा सच्छिद्र थर आहे. तो तेल धरून ठेवतो हा त्याचा खरा उपयोग. तेलावाचून तो स्वतःच्या बळावर गंज थोपवू शकत नाही, आणि आमच्या अर्ध्या सभासदांना नेमके उलटे वाटते.

हा प्रश्न या किनाऱ्यावर नवीन नाही. ब्रिटिश काळात सैन्याच्या बंदुकांना ब्रह्मदेशातल्या खनिज तेलापासून केलेले ‘रंगून ऑइल’ लावत. थ्री-नॉट-थ्री या सैन्याच्या जुन्या रायफलीच्या दस्त्यात मागच्या बाजूला झडपेखाली एक कप्पा असे. त्यात पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, आणि पितळेची तेलाची कुपी राही. अशी एक कुपी माझ्याजवळ आहे. तिच्या झाकणाला आतून एक लांबट चिमुकला चमचा जोडलेला आहे, आणि तो बाहेर काढला की त्याला तेलाचे दोन-तीन थेंबच चिकटून येतात. सैनिकाने बाटली उपडी करू नये, चमच्याने मोजून तेल घ्यावे, अशीच ती रचना आहे. माझ्या नोकरीच्या काळात हत्यारे कोरडी राहिल्यामुळे बिघडलेली मी पाहिली, तशीच ती तेलात बुडाल्यामुळे बिघडलेलीही पाहिली.

२६ मे २०२४, रविवार

चाचणीसाठी नऊ-नऊ पट्ट्यांचे दोन संच तयार केले. फॅब्रिकेशनवाल्याकडून साध्या पोलादाची पट्टी घेऊन तिचे बोटभर लांबीचे अठरा तुकडे करून घेतले, प्रत्येकाच्या वरच्या टोकाला भोक पाडले, आणि आधी २२० व मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ते आरशासारखे केले. नंतर रॉकेलने, मग ॲसिटोनने धुतले आणि त्यापुढे उघड्या हाताने त्यांना शिवलो नाही.

पहिली पट्टी कोरडी ठेवली. दुसरीही कोरडी, पण तिच्यावर मुद्दाम माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा उमटवला. तिसरीला शिलाई मशीनचे तेल, चौथीला घरचे खोबरेल, पाचवीला मोटारीचे २०डब्ल्यू-४० इंजिन तेल आणि सहावीला पाणी हटवणाऱ्या फवाऱ्याचा हात दिला. सातवीला परदेशी बनावटीचे सीएलपी, म्हणजे स्वच्छता, वंगण आणि संरक्षण ही तिन्ही कामे एकट्याने करण्यासाठी घडवलेले तेल लावले. आठवीला इंजिनिअरिंग कारखान्यांत सुटे भाग गोदामात ठेवताना लावतात ते आरपी, म्हणजे गंजरोधक तेल, आणि नववीला मेणाची घट्ट पॉलिश. प्रत्येक पट्टी तेलाने ओली केली आणि मग चिंधीने एकदाच पुसली, कारण आपण बंदूक तशीच ठेवतो. थबथबलेल्या पट्टीची चाचणी घेऊन काही सिद्ध झाले नसते.

जवसासारखी सुकणारी तेले यादीत घेतलीच नाहीत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन कडक पापुद्रा धरते. लाकडी दस्त्यासाठी तो गुण आहे. तेच तेल बोल्टमध्ये गेले तर काही महिन्यांनी स्प्रिंग जागच्या जागी चिकटते.

९ जून २०२४, रविवार

पाऊस या आठवड्यात धरला. एक संच ओटीवर तुळईला टांगला, जिथे पावसाचे थेंब येत नाहीत पण खारा वारा थेट लागतो. दुसरा संच शस्त्रागाराच्या पोलादी कपाटात.

१२ जून २०२४, बुधवार

ओटीवरच्या कोरड्या पट्टीला दुसऱ्या दिवशी सकाळीच तांबूस झाक आली होती. आज ती पूर्ण तपकिरी आहे.

अंगठ्याच्या ठशाची पट्टी मी भिंग घेऊन बराच वेळ पाहिली. कपाटातल्या संचातली इतर सर्व पोलादे अजून लख्ख आहेत, आणि या एका पट्टीवर माझ्या अंगठ्याची प्रत्येक रेषा गंजाने कोरून काढल्यासारखी उमटली आहे. मधले भोवरे, कडेचे वळण, अगदी लहानपणी कोयत्याने कापल्याची आडवी खूणसुद्धा. घामातले मीठ जिथे लागले तिथेच गंज धरला आणि दोन रेषांमधली जागा स्वच्छ राहिली. ही पट्टी काचेच्या बरणीत बंद करून सरावाच्या खोलीत ठेवली. रायफल परत करताना नळी का पुसायची, हे आता मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

१६ जून २०२४, रविवार

आज क्लबचे एक जुने सभासद, आंबा-बागायतदार, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची आपली बारा बोअरची दुनळी परवान्यासह दाखवायला घेऊन आले. लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत मार्चमध्ये ती जमा केलेली होती आणि ४ जूनला निकाल लागून आचारसंहिता उठल्यावर त्यांच्या हाती परत आली. कव्हर उघडताच त्यांचा चेहरा उतरला. डाव्या नळीवर खालपासून अर्ध्यापर्यंत गंजाची खरबरीत साय चढली होती. “काका, जमा करण्याआधी मी तेल घालण्यात काही कसर ठेवली नव्हती हो,” असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरेच होते. नळ्यांच्या आत बोट घातले तर अजूनही तेल लागत होते.

दोष कोणा एकाला देण्यापेक्षा काय घडले ते समजून घेणे मला महत्त्वाचे वाटले. बंदूक चामड्याच्या कव्हरात घालून, नळीचे तोंड वर ठेवून, अडीच महिने भिंतीला टेकून उभी राहिली. चामडे हवेतला दमटपणा शोषते आणि तो पोलादाला लावून धरते. शिवाय कमावताना वापरलेल्या रसायनांचा अंश त्यात राहतो. कव्हर जिथे नळीला घट्ट चिकटले होते तिथेच गंज आहे. दुसरीकडे, भरभरून घातलेले तेल वरून ओघळत खाली आले, कळींच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, मागच्या लाकडात मुरले, आणि तिथला दस्ता काळा पडून इतका मऊ झाला आहे की नख दाबले तर खूण उठते. लाकडाचा हाच भाग बार उडताना मागचा धक्का सोसतो, म्हणून जुन्या बंदुकांचे दस्ते नेमके इथे तडकतात.

त्यांच्याच हातून, मी शेजारी बसून, काम करवून घेतले. पाणी हटवणारा फवारा इथे कामाला आला. डब्ल्यूडी-४० हे नावच मुळी पाणी हटवण्याच्या चाळिसाव्या प्रयोगावरून आले आहे, आणि १९५३ मध्ये तो बनला तो क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. फवारा मारून दहा मिनिटे थांबलो, दमटपणा निघाला, मग अतिबारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने गंज काढला आणि सर्व पुसून आरपी तेलाचा पातळ थर दिला. बिजागरीच्या खिळीला मात्र तेल नको, तिथे ग्रीसच हवे, कारण नळ्या उघडताना-मिटताना तिथे सगळा दाब एका अरुंद पृष्ठावर येतो आणि पातळ तेल तिथून पिळून बाहेर पडते. मऊ झालेल्या लाकडावर खडूच्या बारीक पुडीचा लेप दिला आहे. ती पूड तेल ओढून घेते, पिवळी पडली की झाडून नवी लावायची. बंदूक नळीचे तोंड खाली करून ठेवण्यास सांगितले. कळीचे स्क्रू आम्ही उघडले नाहीत, ते काम परवानाधारक कारागिराचे आहे.

३० जून २०२४, रविवार

तीन आठवडे झाले. ओटीवरच्या संचात शिलाई मशीनचे तेल पाचव्या दिवशी हरले. तेल चांगले शुद्ध आहे, पण त्यात गंजरोधक पुरके नाहीत आणि ते पातळ असल्यामुळे टिकत नाही. पाणी हटवणारा फवारा त्याच्याच बरोबरीने गेला, आणि ते अपेक्षितच होते. त्यातला बराच भाग उडून जाण्यासाठीच असतो, त्याचे काम पहिल्या तासाभराचे. खोबरेलाने आठवडाभर चांगला टिकाव धरला, मग ते चिकट झाले, त्याला धूळ चिकटली आणि त्याखाली पोलाद काळवंडू लागले. झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीवर त्याच दिवशी मी खोबरेलाचा एक थेंब ठेवला होता, तिथे आज हिरवट डाग आहे; खवट होताना सुटणारी आम्ले पितळ खातात ती अशी. घराघरांत खोबरेल हे प्रत्येक गोष्टीवरचे तेल असते आणि मीही लहानपणापासून तसेच पाहत आलो, म्हणून ही नोंद मुद्दाम ठळक करून ठेवतो.

इंजिन तेल माझ्या अपेक्षेपेक्षा बरे निघाले. दोन आठवडे ते टिकले. सीएलपीच्या पट्टीवर अठराव्या दिवशी चार-पाच ठिपके दिसले. आरपी तेल आणि मेण यांच्यावर अजून काही नाही, फक्त मेणाच्या पट्टीवर टांगताना एक ओरखडा गेला होता, तेवढी ओळ गंजली.

सर्व तेलकट पट्ट्यांवर गंजाची सुरुवात वरच्या कडेकडून झाली, कारण तेल ओघळून खाली जमते आणि वरची कड उघडी पडते. कपाटात उभ्या ठेवलेल्या रायफलीचेही हेच होत असणार. आरपी तेलातला द्रावक उडून गेल्यावर मागे मेणासारखा थर बसतो, तो ओघळत नाही, हे त्याच्या यशाचे खरे कारण असावे.

कपाटातल्या संचात कोरडी पट्टी गंजायला नऊ दिवस लागले आणि तेल लावलेली एकही पट्टी अजून गंजलेली नाही. म्हणजे कपाटातल्या हवेने जे केले ते ओटीवर उत्तम तेलांनाही जड गेले. तेलाच्या निवडीइतकेच कपाटाकडे लक्ष द्यायला हवे.

७ जुलै २०२४, रविवार

कपाटाच्या तळाशी एक लहान दिवा चोवीस तास लावून ठेवला. हवा तापली की तिच्यातली वाफ तेवढीच राहून सापेक्ष आर्द्रता उतरते: बाहेर २८ अंश आणि ९० टक्के असताना कपाट ३२ अंशांवर नेले, तर आत सुमारे ७१ टक्के भरतात. हायग्रोमीटरने आज संध्याकाळी ७२ दाखवले. उरलेल्यासाठी सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करायचे. फोमच्या अस्तराच्या पेट्यांत रायफली ठेवणे आजपासून बंद, पेटी प्रवासापुरती.

२१ जुलै २०२४, रविवार

शेजारच्या गावातले दोन शेतकरी ठासणीच्या बंदुकांबद्दल विचारायला आले. इथे तेलाची निवड दुय्यम आहे. काळी दारू म्हणजे सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० या सुमाराचे मिश्रण, आणि ती जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतले पाणी ओढतात, आणि क्षार तेलात विरघळत नाहीत. त्यांच्यावर खनिज तेल ओतले की डांबरासारखा लगदा होतो आणि त्याखाली नळी खुशाल गंजत राहते. म्हणून आधी कडकडीत पाणी: निपल (ठिणगीची टोपी बसते ती पोकळ खुंटी) काढून, नळीत पाणी घालून, गजाला चिंधी गुंडाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे. गरम पाण्याने नळी तापते आणि स्वतःच वाळते. ती कोमट असतानाच तेल लावायचे.

थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे आणि त्यातून उरणारा क्षार मिठाचाच भाऊबंद, म्हणून त्या रायफलींच्या नळीतूनही नरसाळ्याने उकळते पाणी सोडण्याची पद्धत होती. आजच्या पॉइंट २२ च्या काडतुसांना याची गरज नाही.

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी आज पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. क्लबमध्ये मुलांनी तो सामना एकत्र बसून पाहिला आणि शेवटच्या फेऱ्यांत कोणाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. आमच्या चार रायफली त्याच प्रकारच्या, पॉइंट २२ च्याच आहेत.

संध्याकाळी मुलांचा उत्साह पाहून नळीतल्या तेलाचा प्रयोग आजच उरकला. ५० मीटरवरच्या या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते, तेव्हा नळीत राहिलेला तेलाचा थर ही क्षुल्लक गोष्ट नाही. टेकू घेऊन, नळीत सीएलपीचा पातळ हात असताना पहिली गोळी झाडली तर ती मूळ घोळक्यापासून, म्हणजे गोळ्या नेहमी जिथे एकत्र लागतात तिथून, बोटभर दूर लागली, दुसरी जवळ आली आणि चौथीपासून घोळका जागेवर बसला. त्याच रायफलीच्या नळीतून दोन कोरड्या चिंध्या फिरवून पुन्हा पाहिले, तेव्हा दुसऱ्याच गोळीला घोळका जमला. पॉइंट २२ ची शिशाची गोळी स्वतःचे मेण घेऊन येते आणि नळीला तेच लागते. तिच्यावर आपले तेल चढवण्याचे कारण नाही. कक्षात तेल राहू देणे तर कोणत्याच बंदुकीत बरे नाही, कारण बार उडताना पुंगळीने कक्षाच्या भिंतीला घट्ट धरायचे असते, आणि तेलामुळे ती पकड सुटून सगळा धक्का बोल्टवर येतो.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

एअर रायफली आणि एअर पिस्तुले या प्रकल्पातून बाहेर काढली. त्यांच्या सिलिंडरमध्ये हवा सुमारे २०० बारच्या दाबाने भरतात, आणि जोराने दाबलेल्या हवेत खनिज तेलाची वाफ आली तर डिझेल इंजिनात इंधन पेटते तसे ती पेटू शकते. सीलचे रबरही चुकीच्या तेलाने फुगते. बाहेरच्या पोलादावर पुसण्यापुरता हात, आत बनवणाऱ्याने सांगितलेलेच ग्रीस, तेही त्याने दाखवलेल्या जागीच. कपाटाच्या दाराला तशी चिठ्ठी लावली.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

पिस्तुलांसाठी वंगणाचा जाडपणा तपासला. तेलाच्या डब्यावर व्हीजी १५, व्हीजी २२, व्हीजी ३२ असे आकडे असतात, ते ४० अंशांना तेल किती दाट आहे याचे माप. पॉइंट २२ च्या काडतुसाचा मागचा धक्का मुळात बेताचा, आणि तेवढ्याच बळावर स्लाइड मागे जाऊन पुंगळी फेकून नवे काडतूस ओढायचे असते. इंजिन तेल लावून पन्नास गोळ्या झाडल्या तर तिसऱ्या मॅगझिनपासून स्लाइड रेंगाळू लागली आणि दोनदा काडतूस अडकले. उघडून पाहिले तर काजळी, शिशाचा भुगा आणि मेण हे सर्व त्या दाट तेलात कालवले जाऊन खाचांत काळी पेस्ट बसली होती. स्वच्छ करून व्हीजी २२ च्या मशीन तेलाचा प्रत्येक खाचेत एकेक थेंब दिला, जादा पुसून घेतले, आणि तेवढ्याच गोळ्या विनाअडथळा गेल्या. चापाच्या यंत्रणेला मी हात लावला नाही. स्पर्धेच्या चापाला कोरडेपणा मानवतो, आणि तिथे साचलेले जुने तेल वर्षभराने चापाचे वजन बदलून टाकते.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

निर्णय लिहून समितीला दिला. सगळ्याला एकच तेल हा आग्रह सोडून दिला आहे. सैन्याला सीएलपी सोयीचे, कारण सैनिकाला पाठीवर एकच बाटली न्यायची असते. आमचे शस्त्रागार जागचे हलत नाही, त्यामुळे आम्हाला दोन डबे ठेवणे परवडते. हलणाऱ्या भागांना गंजरोधक पुरके असलेले व्हीजी २२ चे पातळ मशीन तेल, थेंबाने मोजून. पोलादाच्या बाहेरच्या सर्व अंगाला पावसाळ्यात आरपी तेलाचा पुसलेला थर. दस्त्याखालच्या नळीला, जिथून हा सारा प्रकल्प सुरू झाला, तिथे मेणाची पॉलिश, कारण ती लाकडात मुरत नाही. नळीच्या आत दोन आठवड्यांहून जास्त काळ रायफल उभी राहणार असेल तरच सीएलपी, आणि तशा रायफलीच्या खटक्याला लाल फीत, म्हणजे झाडण्यापूर्वी कोरड्या चिंध्या फिरवायच्या हे विसरता येणार नाही. बोल्टच्या मागच्या उतारांवर बोटाच्या टोकाएवढे ग्रीस.

समितीत एका सभासदांनी खर्चाचा प्रश्न विचारला. आरपी तेल आणि मशीन तेल दोन्ही औद्योगिक मालाच्या दुकानात लिटरच्या डब्यात मिळतात आणि सीएलपीच्या छोट्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, शिवाय एवढ्या हत्यारांना वर्षाला अर्धा लिटरही लागणार नाही. प्रस्ताव मंजूर झाला.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

शस्त्रपूजेआधी चारही रायफलींचे दस्ते सोडवले. गेल्या वर्षी जिथे तपकिरी रेघ होती तिथली मेणाची पातळ झिलई जशीच्या तशी होती, आणि ते तीन खड्डेही आणखी वाढलेले नाहीत. बागायतदार सभासदांनी आपली दुनळी आणली होती. तिचा दस्ता कळीमागे अजून काळसर आहे, पण नख दाबले तर आता खूण उठत नाही.

पूजेत एक बदल केला. दरवर्षी ओले हळद-कुंकू आणि पाणी निथळणारी झेंडूची फुले थेट नळीवर वाहिली जातात आणि रात्रभर तशीच राहतात. यंदा नळ्यांखाली आणि वर कोरडे पांढरे कापड घातले, फुले झटकून कोरडी करून त्या कापडावर वाहिली, आणि गंधाचे बोट दस्त्याच्या लाकडाला लावले. क्लबमधल्या सर्वांत धाकट्या नेमबाज मुलीने आरती झाल्यावर स्वतःहून चिंधी मागून घेतली आणि चारही नळ्या टोकापासून कक्षापर्यंत पुसल्या. तिने वहीत तारीख घातली, कोणती रायफल, कोणते तेल आणि किती थेंब ते लिहिले, खाली सही केली, आणि मी कपाटाला कुलूप लावले.